म्हातारबाची बायको

९ नोव्हेंबर

ठमे,

तू फोन उचलत नाहीस आणि इथे फोन लागत नाही, तेव्हा दोघींचीही सोय झाली. हे पत्र जीपचा ड्रायव्हर खाली गावात नेऊन पेटीत टाकणार आहे. वाचायचं नसेल तर नको वाचूस. फाडायच्या आधी एवढंच बघून ठेव की तुझी आई जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि कुठल्या दरीबिरीत पडलेली नाही.

मी ज्या ट्रिपबरोबर आले होते ती केव्हाच परत गेली. ‘आदिवासींच्या सोबत एक दिवस’ असं त्या ट्रिपचं नाव. दिवस म्हणजे काय, तर सकाळी जीपने वर यायचं, नाच बघायचा, घरांत डोकवायचं, फोटो काढायचे आणि ऊन उतरायच्या आत खाली. सगळे गाडीत बसले, मॅनेजरने डोकी मोजली आणि मी म्हटलं, मी राहते.

“मावशी, इथे राहायची सोय नसते,” तो म्हणाला.

“मग हे लोक कुठे राहतात?”

त्याला हसू आवरेना. तरुण पोरगा आहे, डोक्यावर कायम टोपी, बोलायला गोड. म्हणाला, पुढच्या फेरीला येतो, तोवर कंटाळाल. ती फेरी येऊन गेली. मी काही कंटाळले नाही.

वस्ती डोंगराच्या ऐन पोटात आहे. घरं खांबांवर उचललेली, खाली कोंबड्या आणि सरपण, वर एकच खोली. मधोमध चूल. खिडकी नाही. धुराने वासे असे काळे झालेत की पॉलिश मारल्यासारखे चकाकतात. मी राहते ते घर एका म्हाताऱ्याचं आहे. सगळे त्याला ज्या शब्दाने हाक मारतात त्याचा अर्थ आपल्याकडच्या ‘म्हातारबा’च्या आसपास जातो, म्हणून मीही तेच म्हणते. मी हातवारे करून राहायचं विचारलं तेव्हा त्याने आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग पोट धरून हसला आणि आपली वळकटी उचलून दुसऱ्या भिंतीशी नेऊन टाकली. ठरलं.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची सून. मुलगा लांब कुठेतरी रस्त्याच्या कामावर असतो. सून लग्नाआधी काही वर्षं शहरात बांधकामावर होती, त्यामुळे तिला आपली भाषा येते. पण गंमत अशी की तिच्या कानावर आपल्या भाषेतले हुकूमच पडले, तेव्हा तेवढेच येतात. उचल. ठेव. सरक. लवकर कर. ती मला प्रेमाने काही सांगायला गेली तरी मुकादमासारखी बोलते. “पाहुणी, जेव.” “पाहुणी, झोप.” पहिल्या दिवशी मी दचकले होते. आता मला ते बरं वाटतं. घरी गेले काही महिने माझ्याशी सगळेच फार जपून बोलत होते.

नाचाचं सांगायचं राहिलं. जीप यायच्या आधी बायका लाल झगे घालतात आणि पटांगणात ओळीने उभ्या राहतात. मी सुनेला विचारलं, हे तुमचे जुने कपडे का? ती म्हणाली, “कपडे मॅनेजर. नाच मॅनेजर.” म्हणजे झगे त्याने कुठल्याशा कारखान्यातून आणले आणि नाचही त्यानेच बसवला. एरवी या बायका स्वेटर नि जुने शर्ट घालून फिरतात. झग्यांचे मुंढे इतके आवळ कापलेत की हात वर केला की काखेत टरकन उसवतं. मी बसून सगळ्यांचे मुंढे सैल करून दिले. असा कट तुझ्या बाबांनी पाहिला असता तर कापणाऱ्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

असो. इथे थंडी चांगली पडते. मी स्वेटर आणलाय.

— आई


२६ नोव्हेंबर

ठमे,

तुझं उत्तर येणार नाही हे धरूनच चालले होते, तरी ड्रायव्हर उतरला की मी त्याच्या हाताकडे बघते. मॅनेजरच्या ऑफिसचा पत्ता आणि फोन मागच्या पाकिटावर घातला होता. पुन्हा घालते.

म्हातारबा आजारी आहे. आधी नुसता खोकला होता, आता चूल पेटवायला वाकला तरी दम लागतो. रात्री बसूनच झोपतो. पण जिभेचा तल्लख. मी त्याची बंडी शिवायला घेतली तर सुनेकरवी मला सांगतो, “घाई कर, मी गेल्यावर कुणाला बसायची नाही.”

परवा त्याने तुझ्या बाबांबद्दल विचारलं. सून मध्ये बसून सांगत होती.

“तुझा माणूस?”

“गेला.”

“कधी?”

“उन्हाळ्यात.”

“घरी?”

मी म्हटलं, नाही, दवाखान्यात. मग त्याने विचारलं, तू कुठे होतीस? मी खरं ते सांगितलं. खाली काउंटरवर होते. ऑपरेशनला न्यायच्या आधी कसल्याशा कागदावर सही हवी होती आणि खिडकीमागची बाई जेवायला गेली होती. मी रांगेत उभी असताना वर सगळं संपलं. वर आले तर तू त्यांच्याजवळ होतीस. मला बघून तू पहिलं काय म्हणालीस ते तुला आठवत नसेल. मला आठवतं, पण मी ते इथे लिहिणार नाही.

 म्हातारबाने आपल्या पुढ्यातला भाजलेला कंद मोडून अर्धा मला दिला. त्याला स्वतःला गिळवत नव्हतंच.

आता खरी गोष्ट. आज जीप आली तेव्हा सून आणि मी मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, याला खाली दवाखान्यात न्या. चालत उतरायचं तर धडधाकट माणसाचा अख्खा दिवस मोडतो. हा चार पावलं टाकत नाही.

“मावशी, गाडी फुल आहे.”

“मागे सामान होतं तिथे बसवा. सामान उतरलंय ना?”

“तिथे पाहुण्यांच्या बॅगा येतात. आणि खरं सांगू का, असा खोकणारा माणूस शेजारी बसवला तर पाहुणे माझं डोकं खातील. पुढच्या फेरीला दोन जागा राखून ठेवतो. शब्द देतो.”

मी आवाज चढवला. पाहुण्यांपैकी एकदोघांनी मान वळवून पाहिलं. एका सद्गृहस्थांनी खिशातून तापाच्या गोळ्यांची पट्टी काढून मला दिली, वर म्हणाले, जेवणानंतर द्या. मग ते गाडीत बसले. खिडकीशी बसले.

 घरी आल्यावर सुनेने म्हातारबाला सांगितलं की गाडी बिघडली होती. हे मला कळलं, कारण ‘गाडी’ आणि ‘मोडली’ हे दोन्ही शब्द मी आता शिकलेय.

तू म्हणशील, तुझं तिथे काय अडलंय, निघून ये. तू म्हणणार नाहीस म्हणा. तू तर म्हणाली होतीस, बाबांच्या फोटोसमोरचा दिवा विझला नाही आणि तू फिरायला निघालीस. दुकान बंद केलं, मशीन देऊन टाकलं, डोळ्यांत टिपूस नाही. सगळं खरं आहे. मी रोज सकाळी उठून कात्रीचा आवाज यायची वाट बघत बसायचे, आणि तो आला नाही की मला त्यांचा राग यायचा. मेलेल्या माणसाचा राग घेऊन त्याच घरात किती दिवस बसणार?

— आई


८ डिसेंबर

ठमे,

म्हातारबा गेला. पाच दिवस झाले. हे तुला लिहावं की नाही याचा विचार करण्यातच तेवढे गेले. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

उजाडता उजाडता गेला. सून त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या बायका आल्या आणि रडायला लागल्या. त्यांचं रडणं मोकळं, पोटातून येणारं. मी कोपऱ्यात बसून होते. मला रडू आलं नाही.

ऊन वर आलं आणि जीपचा आवाज आला.

मॅनेजर घरात आला, आधी टोपी काढली. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याने दोन जागा ठेवल्या होत्या का, हे मी विचारलं नाही; आलेल्या गर्दीकडे बघून दिसत होतं. जरा वेळ उभा राहिला आणि मग हळू आवाजात वस्तीतल्या चार मोठ्या माणसांना बाहेर बोलावलं. माणसं लांबून आलीत, म्हणाला. अर्धा तास फक्त. मग तुम्ही तुमचं करा.

माणसांनी आधी हात जोडून नाही म्हटलं. मॅनेजर भांडला नाही, नुसता जीपकडे बघत राहिला. जीपमध्ये मीठ होतं, तेल होतं, कंदिलाचं रॉकेल होतं, एका बाळंतिणीसाठी मागवलेल्या गोळ्या होत्या. पलीकडच्या डोंगरावर दुसरी वस्ती आहे आणि तिथेही पटांगण आहे, हे त्याने सांगायची गरज नव्हती. ते त्याने मागेच केव्हातरी सांगून ठेवलं होतं.

बायका उठल्या, लाल झगे घालू लागल्या. रांगेत एक कमी पडत होती. कुणीतरी दारातून सुनेला हाक मारली. तिने वर पाहिलं. मग मला म्हणाली, “पाहुणी, धर.” मी जवळ सरकले. तिने सासऱ्याचं डोकं स्वतःच्या मांडीवरून उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं, झगा अडकवला आणि बाहेर गेली.

बाहेर ढोल वाजायला लागला. आत म्हाताऱ्यांचं रडणं चालूच होतं. त्याचं डोकं अजून पुरतं गार झालं नव्हतं.

थोड्या वेळाने दाराशी सावल्या आल्या. रडण्याचा आवाज ऐकून पाहुण्यांतले काही जण शिडीने वर चढत होते. मी त्याचं डोकं खाली उशीवर ठेवलं आणि दारात जाऊन उभी राहिले. सगळ्यांत पुढे माझ्याच वयाची एक बाई होती. हातात फोन. मला बघून तिचा चेहरा उजळला.

“अगंबाई! तुम्ही तर आपल्यातल्याच!”

मी म्हटलं, “खाली जा. आत माणूस गेलंय.”

“हो ना, मॅनेजर म्हणाले. यांचं रडणंसुद्धा कसं गाण्यासारखं असतं, नाही?” मग जरा आर्जवाने, “थोडं बाजूला होता का? आतला अंधार फार सुंदर येतोय.”

ठमे, ती वाईट बाई नव्हती. तुझ्या शाळेच्या गेटवर माझ्याशी भाजीच्या गप्पा मारणाऱ्या बायका होत्या ना, त्यांतली एक. तिला माणूस गेल्याचं माहीत होतं. माहीत असून ती वर आली होती. तिला मी आणखी काय सांगणार होते?

माझ्या तोंडून निघालं, “माझा नवरा गेलाय.”

तिचा हात खाली आला. “काय?”

“आत आहेत ते माझे मिस्टर. आज सकाळी गेले.”

एकदम सगळे बदलले. माझा हात धरून तिने मला शिडीच्या पायरीवर बसवलं. मागच्याने बूट काढले. कुणीतरी खाली ओरडलं, अहो, तो ढोल थांबवा, इथे ताईंचे मिस्टर वारलेत! आणि ढोल थांबला, ठमे. वस्तीच्या चार मोठ्या माणसांनी हात जोडून जे मागितलं होतं ते माझ्या एका वाक्याने मिळालं. पाहुणे ओळीने उभे राहिले, माना खाली. कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी पाठीवरून हात फिरवला. आणि ती बाई मला म्हणाली, “रडा. मोकळ्या व्हा. आत ठेवू नका.”

आणि मी रडले. उन्हाळ्यापासूनचं सगळं. आवाज कसा होता मला माहीत नाही. मी तुझ्या बाबांना हाका मारत होते, नाव घेऊन. जन्मात कधी घेतलं नव्हतं.

डोळे पुसून वर पाहिलं तर पटांगणात लाल झगे तसेच उभे होते. त्यांच्यात सून होती. तिला आपली भाषा कळते. तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या जवळ कुणी गेलं नाही, पाठीवरून कुणी हात फिरवला नाही. ती त्यांच्या लेखी नाचातली बाई होती.

मॅनेजर जीपला टेकून माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. 

दुपारी म्हातारबाला वरच्या झाडीत पुरलं. मला कुणी येऊ नको म्हणालं नाही आणि चल असंही म्हणालं नाही. मी मागून गेले.

— आई


२१ डिसेंबर

ठमे,

तुझा निरोप मिळाला. तू ऑफिसच्या फोनवर पाठवलास तो ड्रायव्हरने मला वाचून दाखवला. बिचारा वाचताना अडखळत होता. “आई, तो माणूस कोण होता? किती दिवस चाललं होतं? मला लोकांना तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. पुन्हा लिहू नकोस.”

म्हणजे तू ते पाहिलंस. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणाचा तरी फोन चालूच राहिला होता, हे मला ड्रायव्हरकडूनच कळलं. शहरातली बाई, आदिवासी नवरा, डोंगरात संसार, शेवटी असा वियोग. लाखो लोकांनी पाहिलं म्हणे. माझं आधीचं पत्र तुला पोचलं असेल किंवा नसेल. पोचलं असलं तरी तू ते वाचलं असशील असं या निरोपावरून वाटत नाही. म्हणून पुन्हा सांगते, तो माझा कुणी नव्हता.

मॅनेजर आता एकाऐवजी दोन गाड्या आणतो. लोक नाच बघत नाहीत, मला बघायला येतात. बायका मला मिठ्या मारतात. तुमचं कसं जमलं, तुम्ही त्यांची भाषा कशी शिकलात, घरच्यांनी स्वीकारलं का? एकीने विचारलं, मुलंबाळं? मी म्हटलं, एक मुलगी आहे. तिने लगेच सुनेच्या अंगावरून नजर फिरवली. मी म्हटलं, ही नाही. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, “मावशी, तुम्ही काहीच बोलू नका. नुसत्या बसा. तेवढं पुरतं.”

त्याने वरच्या झाडीतली ती जागा दाखवायलाही सुरुवात केली. म्हातारबाच्या डोक्याशी लोक उभे राहून फोटो काढतात. पावलांनी माती बसली आहे.

आणि मुलगा आला. म्हातारबाचा मुलगा, रस्त्याच्या कामावरचा. घरचा निरोप त्याला मिळायला आठवडा लागला, पण तो व्हिडिओ निरोपाच्या आधीच त्याच्यापर्यंत पोचला होता. तिथल्या मजुरांनी त्याला दाखवला आणि हसून हसून लोळले. तुझ्या बापाने या वयात शहरातली ठेवली होती की काय! तो म्हणाला ते सुनेने मला जसंच्या तसं सांगितलं नाही. काही तिच्याकडे शब्द नव्हते आणि काही तिने गिळले.

तो दारात बसला. माझ्याकडे न बघता एकच प्रश्न विचारला. सुनेने सांगायच्या आधीच मला कळला, कारण तोच तू विचारलास. ही कोण?

सून म्हणाली, “सांग.”

मी सगळं सांगितलं. ती ते त्यांच्या भाषेत सांगत गेली, तो ऐकत गेला. शेवटी तो उठून बापाच्या जागेशी गेला आणि अंधार पडला तरी आला नाही. मी त्याच्या बापाची अब्रू वाचवायला तोंड उघडलं होतं. बाप मेल्यावर त्याला जगाच्या हसण्याचा विषय केलं ते मीच.

मी ठरवलंय, पुढच्या फेरीला सगळ्यांसमोर खरं सांगायचं.

— आई


११ जानेवारी

ठमे,

हे खालच्या गावातून लिहितेय, स्टँडसमोरच्या लॉजमधून. उतरून दोन आठवडे होत आले. खोलीला खिडकी आहे. सवय मोडल्यामुळे अजून फार उजेड वाटतो.

मी खरं सांगितलं. दोन्ही गाड्यांमधली माणसं पटांगणात उभी होती. मी मध्ये गेले आणि मोठ्याने म्हटलं, तो माझा नवरा नव्हता. तो या बाईचा सासरा होता. आजारी होता, खाली न्यायला गाडीत जागा दिली नाही म्हणून मेला. तुम्ही त्याच्या दारात फोन घेऊन चढलात म्हणून मी खोटं बोलले.

 मग एक माणूस म्हणाला, “ताई, जरा उजेडाकडे वळता का? आणि पहिल्यापासून बोला, आवाज नाही आला.”

मी पुन्हा बोलले. मॅनेजरने शेजारी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना हळूच सांगितलं, “मावशी अजून धक्क्यात आहेत. कधी कधी मिस्टरांनाच ओळखत नाहीत.” सगळ्यांनी माना हलवल्या. एक बाई डोळे पुसत म्हणाली, “इतकं प्रेम होतं हो.” मी ओरडले, शिव्याही दिल्या. तेही त्यांनी आणखी हळुवारपणे ऐकून घेतलं.

गाड्या गेल्यावर सून माझ्यासमोर येऊन बसली. मुलगा मागे उभा होता. मी तिला म्हटलं, मला माफ कर. हा शब्द तिला येत नव्हता. मी दोन-तीन तऱ्हांनी सांगून पाहिला. शेवटी कळला, पण तिला त्याचं काही करायचं नव्हतं.

“पाहुणी, जा,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी गेले तर मॅनेजर जीप बंद करेल. तसं त्याने मला स्पष्टच सांगितलं होतं. मावशी नसतील तर या खडतर रस्त्याला कोण गाडी घालतं. तेल नाही, मीठ नाही, कुणी आजारी पडलं तर...

“माहीत. जा.”

मी तरीही बसून होते. काय सांगायचं होतं मला कुणास ठाऊक. म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोलले पण रडले ते खरं होतं. माझ्या माणसासाठी रडले. त्याच्यासाठी मला आधी कधी रडताच आलं नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच राग पाहिला.

“तुझं माणूस, तुझ्या घरी रड,” ती म्हणाली. “हा आमचा.”

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघाले. मुलगा अर्ध्या वाटेपर्यंत पुढे चालत होता, माझी पिशवी त्याच्या खांद्यावर. एकदाही मागे पाहिलं नाही, पण जिथे वाट निसरडी होती तिथे थांबायचा. ओढ्याशी त्याने पिशवी दगडावर ठेवली आणि परत फिरला. मी हात जोडले ते त्याने पाहिले नाहीत.

मघाशी ड्रायव्हर भेटला. जीप आता पलीकडच्या डोंगरावर जाते. तिथल्या बायकांसाठी मॅनेजरने निळे झगे शिवायला टाकलेत. आणि ज्या बाळंतिणीच्या गोळ्या त्या दिवशी गाडीत होत्या, तिचं मूल मागच्या आठवड्यात गेलं. खाली आणत होते, झोळी करून. ओढ्यापर्यंत आले होते. ड्रायव्हर म्हणाला, तसंही वाचलं नसतं. त्याला मला बरं वाटावं असं वाटत होतं.

मी सरकारी दवाखान्यात जाऊन आले. वर एक गाडी महिन्यातून एकदा तरी पाठवा, असं सांगायला. तिथल्या साहेबांनी मला ओळखलं. खुर्ची दिली. म्हणाले, तुमचं दुःख मी समजू शकतो.

तू विचारलंस, तो कोण होता. एक म्हातारा होता. त्याने मला आपली झोपायची जागा दिली. त्याच्या मरणाला त्याचं म्हणून कुणी मान देत नव्हतं, म्हणून मी ते माझं म्हटलं, आणि मग ते त्याच्याकडे परत देता आलं नाही. एवढंच आहे. यातलं तुला काही पटलं नाही तरी मी पुन्हा सांगत बसणार नाही.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. परवा संध्याकाळी पोचेन. मला घरी येऊन तुझ्या बाबांसाठी रडायचं आहे, आणि ते तुझ्यासमोर. तू नको म्हणालीस तर तुझं ऐकावं लागेल. त्यांच्यावर तुझाही हक्क आहे. तू कुलूप बदललंस हे शेजारच्या काकूंनी मला काल फोनवर सांगितलं. मी बेल वाजवीन.

— आई